लिहायचं कशासाठी आणि कुणासाठी? नव्याने लिहू लागणाऱ्यांसाठी

नवी वही आणू नका, महागडं पेन घेऊ नका, फोनमध्ये नवं ॲपही उतरवू नका. हाताशी असेल त्या कागदावर आधी एक वाक्य पुरं करा: "मला हे लिहायचं आहे, कारण…"

पुण्यातल्या आमच्या लेखन-बैठकीला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. आठवड्यातून एका संध्याकाळी आम्ही काहीजण जमतो. कुणी हडपसरहून पीएमपीच्या दोन बस बदलून येतं, कुणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून उठून थेट येतं, कुणी भोसरीला पहिली पाळी संपवून. बहुतेकांची शंका एकच असते. आजकाल जो तो लिहितोय, फोन उघडला की मजकुराचा पूर. त्यात आपली भर कशाला? शंका रास्त आहे, आणि "लिहा हो, मोकळं वाटतं" एवढं उत्तर तिला पुरत नाही. माझं म्हणणं असं आहे की लेखन सार्थकी लागलं की नाही, हे ते कशासाठी आणि कुणासाठी लिहिलं यावरून ठरतं. वाचकांच्या आकड्याचा त्याच्याशी फार कमी संबंध असतो. ही दोन उत्तरं स्पष्ट झाली, की मजकूर किती लांब असावा, कुठल्या भाषेत असावा, कुठे द्यावा आणि मुळात कुणाला दाखवावा का, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

पायरी 1: कारण लिहून काढा

"मला व्यक्त व्हायचंय" हे कारण मी पुरेसं मानत नाही. काय व्यक्त करायचंय, कुणाजवळ, आणि आत्ताच का, हे त्यात येत नाही. चांगलं कारण अंगावर येण्याइतकं नेमकं असतं. बैठकीतल्या एका फिटरने लिहिलं होतं: "माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. उचल म्हणजे काय, कोपी म्हणजे काय, हे माझ्या मुलीला माहीत नाही. ती पुण्यात वाढली. तिला कळलं पाहिजे." (उचल म्हणजे तोडणीआधी आगाऊ घेतलेले पैसे, कोपी म्हणजे तोडणीच्या जागची झोपडी.) एवढ्या चार ओळींत विषय आला, वाचक आला, सूरही आला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहणाऱ्या एका मुलीचं कारण वेगळं होतं: "दिवसभर दुसऱ्यांच्या नोट्स पाठ करते. माझं स्वतःचं मत काय, हेच मला कळेनासं झालंय." तिचं लेखन कुणी वाचायची गरज नव्हती, आणि तरी ते अत्यंत गरजेचं होतं. धायरीकडच्या एका बाईंना सोसायटीच्या टँकरच्या खर्चाबद्दल लिहायचं होतं, कारण सभेत त्यांचं बोलणं दर वेळी मध्येच तोडलं जायचं.

प्रसिद्धी किंवा पैसा हे कारण असेल तर तेही उघड लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र मराठीत निव्वळ लेखनावर घर चालवणारे फार थोडे आहेत, हे आधीच माहीत असू द्या. पैशासाठीच लिहायचं असेल तर जाहिरात, भाषांतर, मालिका किंवा ध्वनिपुस्तकांची संहिता या कामांकडे वळा. त्यांची शिस्त वेगळी, आणि हा लेख त्यांच्याबद्दल नाही.

पुण्याचा इतिहास मला इथे नेहमी उपयोगी पडतो, कारण या शहरात कारण पक्कं असलेल्या माणसांनी लिहिलेलं टिकून राहिलं आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. 1848 साली, वयाच्या पंचविशीत, 'लोकहितवादी' या नावाने त्यांनी मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली. आपल्या समाजाच्या सवयी आणि आळस समाजालाच दाखवणं, हे त्यांचं काम. पत्रं छोटी, एकेका विषयाची. शंभराच्या पुढे गेली. आजही कुणी नोकरी सांभाळून लिहायचं कसं असं विचारलं, की मी त्यांचंच उदाहरण देते: एका वेळी एक विषय, एक पत्र.

त्याहून मला जवळची वाटते ती मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिला लिहिता येऊ लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिच्याजवळ कसदार शैली, संदर्भग्रंथ, ओळखीपाळखी यातलं काय होतं? तिने पाहिलेलं आणि सोसलेलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी तिच्या जागेवरून लिहिणं शक्य नव्हतं. "आपल्याला लिहिण्याचा अधिकार आहे का" असं कुणी विचारलं की मी तिचा तो निबंध वाचायला देते. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो.

तुमचं कारण सापडलं की कागद जपून ठेवा. ते लिहिता लिहिता बदललं तरी हरकत नाही. बदललेलं खाली लिहा.

पायरी 2: एक माणूस समोर धरा

"सर्वसामान्य वाचक" नावाचं कुणी नसतं. एक खरा माणूस निवडा: आत्या, शाळेतला मित्र, सोसायटीचे सचिव, अजून जन्माला न आलेली नात. त्याला काय ठाऊक आहे आणि काय समजावून सांगावं लागेल, हे लगेच कळतं. फिटरने मुलीसाठी लिहिताना 'फड' (तोडणीला आलेलं उसाचं शेत) काय असतो ते सांगितलं. स्वतःच्या भावासाठी लिहिलं असतं तर ते सांगायची गरजच नव्हती, पण मग आई रात्री कोपीत कशी रडायची ते कदाचित लिहिता आलं असतं. वाचक बदलला की मजकूर बदलतो.

ज्याला खूश करायचंय असा माणूस मात्र निवडू नका. त्याच्यासमोर आपण पोज घेऊन बसतो.

पायरी 3: विषय लहान करा, अजून लहान करा

"बदलतं पुणे" हा विषय घेऊन आलेल्या कुणालाही दोन पानांच्या पुढे जाताना मी पाहिलेलं नाही. पहिल्या पानावर वाडे, सायकली आणि टांगे येतात, दुसऱ्यावर उड्डाणपूल आणि मेट्रो, आणि मग सगळं थांबतं, कारण हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्याऐवजी एकच वाडा घ्या. वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा मालक आणि भाडेकरू यांच्यात काय ठरलं, नळाच्या पाळीवरून ज्यांचं कधी जमलं नाही ती बिऱ्हाडं निघताना एकमेकांशी कशी बोलली, देवघरातला टाक कुणी नेला. किंवा पहाटे मार्केट यार्डातून माल उचलून पेठेत हातगाडी लावणाऱ्या मावशींचा एक दिवस. किंवा तुम्ही पहिल्यांदा स्वारगेटला उतरलात तो तास.

विषय पुरेसा लहान झालाय की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: त्यात एक जागा, थोडीशी माणसं आणि एखादी ठरावीक वेळ येते का? येत असेल तर लिहायला बसा.

रमाबाई रानड्यांनी 1910 साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्ती रानडे हे केवढं मोठं नाव. पण आजही ते पुस्तक वाचताना लक्षात राहतं ते घर: नवऱ्याने शिकवायला घेतलेली लहान वयाची मुलगी, आणि ती शिकते म्हणून तिला टोचून बोलणाऱ्या घरातल्याच बायका. रानड्यांच्या सार्वजनिक कार्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. स्वयंपाकघरातला तो ताण लिहू शकणारी व्यक्ती एकच होती. तुमच्याजवळ असं काय आहे, ते शोधा.

पायरी 4: बसायची वेळ आणि लिहायचं साधन

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अर्धा तास, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून निदान तीन-चारदा. घरात जागा नसेल तर अभ्यासिकेत, बागेतल्या बाकावर, डब्याची सुट्टी असेल तर कँटीनमध्ये. पहिला खर्डा लिहिताना मागचं वाचू नका, दुरुस्त करू नका.

साधनाबद्दल मात्र एक गोष्ट महत्त्वाची आहे. संगणकावर किंवा फोनवर लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तशीच दिसतील अशा प्रमाण पद्धतीत. फोनच्या मराठी कळफलकावर रोमन अक्षरांतून टाइप केलं तरी समोर देवनागरी उमटते, ती युनिकोडच असते. रोज बरंच लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक शिकून घ्या. हात बसायला थोडे आठवडे जातात, नंतर वेग चांगला मिळतो. छपाईच्या जुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पूर्वीच्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य रोमन चिन्हं दिसतात. तुमच्या घरी असं जुनं काही पडून असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या, तशी रूपांतरकं मिळतात.

ज्यांना लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं त्यांनी बोलून टाइप करावं. फोन गावांची आणि माणसांची नावं चुकीची ऐकतो, विरामचिन्हं गाळतो, बोलीतली क्रियापदं 'सुधारतो'. तेव्हा बोलून झालं की लगेच, आठवण ताजी असताना, एकदा वाचून नीट करा.

पायरी 5: भाषेची भीती

इथे थोडं थांबते, कारण पुण्यात बाहेरून आलेल्यांचं लेखन सगळ्यात जास्त इथेच अडतं.

मुलं-मुली परभणीहून, वाशीमहून, सांगोल्याहून येतात. पहिल्या वर्षात कुणीतरी त्यांच्या 'न' आणि 'ण'वर हसतं. मग ती गप्प होतात, आणि लिहायला बसली की शाळेच्या निबंधातली भाषा काढतात: "पहाटेच्या मंगल समयी", "मनात विचारांचे काहूर माजले". त्या वाक्यांत त्यांचं गाव नसतं, आई नसते, ती स्वतः नसतात. वऱ्हाडातला माणूस "करून राह्यलो" म्हणतो, सोलापूरचा "काय करायलास" विचारतो, कोल्हापूरकडची मुलगी "मी आलो" म्हणते. माणसं बोलतात तिथे त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की बोलीत, ते तुमच्या वाचकाकडे बघून ठरवा. दोन्ही चालतं. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे उसनी भाषा.

हा वाद पुण्याला नवा नाही. 1885 मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारलं, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या उत्तराचा आशय असा होता की जे लोक आमचे माणुसकीचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांतल्या भावार्थाशी आमचा मेळ बसत नाही. ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापलं गेलं. लिहिणाऱ्यांच्या जगात कुणाचं दुःख येतं आणि कुणाचं येत नाही, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. तुम्ही तुमच्या भाषेत लिहिलंत तर त्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर तुम्ही दिलेलं असतं.

शुद्धलेखन ही वेगळी बाब. ते शिकावं, त्याचा धाक बाळगू नये. साहित्य महामंडळाचे नियम एकूण 18 आहेत, पुस्तिकेच्या थोड्या पानांत मावतात. नव्या माणसाला त्यातले दोन लगेच उपयोगी पडतात. शब्दाच्या शेवटचा इ-कार आणि उ-कार मराठीत सहसा दीर्घ असतो: पाटी, पाणी, लाडू. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद. आणि अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतो: झाडाखाली म्हणजे एका झाडाखाली, झाडांखाली म्हणजे अनेक. एवढं सांभाळलं तरी वाचणाऱ्याची ठेच कमी होते. उरलेलं शेवटच्या खर्ड्यात, कुणा जाणत्याला दाखवून.

पायरी 6: आठवण तपासून घ्या

आमच्या बैठकीतल्या एका काकांनी पानशेतच्या पुरावर लिहायला घेतलं. पूर आला तेव्हा ते सहा वर्षांचे, नारायण पेठेत राहायचे. खर्ड्यात होतं: "रात्री आम्ही झोपेत असताना पाणी शिरलं." नोंदी सांगतात की 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी दिवसा चढलं. काका गोंधळले, त्यांना अंधार लख्ख आठवत होता. मग त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. तिने सांगितलं की पाणी दिवसाच आलं, पण सगळे ओळखीच्यांच्या घरी जाऊन थांबले आणि तिथे रात्रभर दिवे नव्हते. काकांच्या मनात दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या होत्या. नवा खर्डा जुन्यापेक्षा कितीतरी चांगला झाला, कारण आता त्यात दिवसाचं पाणी होतं, रात्रीचा अंधार होता, आणि सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकच का वाटलं तेही होतं.

म्हणून साल, ठिकाण, नातं, अंतर, किंमत यातलं जे जे लिहाल ते एकदा पडताळा. घरातल्या मोठ्यांना विचारा, शक्यतो दोघांना वेगवेगळं. जुनी शिधापत्रिका, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, फोटोच्या मागचा मजकूर बघा. आणि पुण्यात असल्याचा फायदा घ्या. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, 1906 साली स्थापन झालेली. इतिहासाचं काही असेल तर 1910 पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. प्रत्येक ठिकाणच्या सभासदत्वाचे आणि वाचनकक्षाचे नियम वेगळे असतात, जाण्याआधी विचारून घ्या. ग्रंथपालांना तुमचा विषय एका वाक्यात सांगा. आपण कपाटं धुंडाळत तास घालवण्यापेक्षा त्यांनी काढून दिलेली दोन पुस्तकं पुष्कळदा जास्त कामाची निघतात.

जे पडताळता आलं नाही ते "आई सांगायची" असं म्हणून लिहा. तेही खरंच असतं.

पायरी 7: मोठ्याने वाचा, मग कापा

खर्डा चार-पाच दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे वाचायला लाज वाटते तिथे दोन शक्यता असतात: एकतर तिथे खोटं आहे, किंवा तिथेच सगळ्यात खरं आहे. हा फरक फक्त तुम्हालाच कळेल.

नव्या लेखकांचा पहिला परिच्छेद बहुतेकदा काढून टाकता येतो. त्यात आपण घसा खाकरत असतो. शेवटचा उपदेशही तसाच. "आईची माया थोर असते" हे वाक्य काढा, आईने डब्यात घातलेली चटणी राहू द्या.

पायरी 8: दुसऱ्याचं आयुष्य आणि कायदा

तुमच्या गोष्टीत दुसरी माणसंही असतात, आणि त्यांनी लिहा म्हणून सांगितलेलं नसतं. घटस्फोट, आजार, कर्ज, जात, भांडणं असं काही येत असेल तर ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचून दाखवा. शक्य नसेल तर नाव, गाव, व्यवसाय बदला, आणि तरीही ओळखू येत असेल तर तो भाग घरातच ठेवा. लहान मुलांबद्दल लिहिताना मी आणखी कडक आहे. आज गोड वाटणारा प्रसंग ते मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर त्याच्या वर्गात वाचला जाऊ शकतो.

बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे. मजकूर खरा असला तरी बचावासाठी तो लोकहितासाठी होता हेही दाखवावं लागतं. धायरीच्या त्या बाईंना आम्ही हेच सांगितलं: "अमुक माणूस पैसे खातो" असं लिहू नका. टँकरची बिलं, तारखा आणि सभेच्या इतिवृत्तातली नोंद लिहा. वाचणारा काय ते समजतो. गंभीर आरोप करायचाच असेल तर आधी वकिलाला दाखवा.

तुमच्या हक्काचंही सांगते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहिला की त्यावरचा हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. हाच नियम दुसऱ्याच्या कवितेला आणि फोटोलाही लागतो. नेटवर दिसला म्हणून फोटो उचलायचा नाही.

पायरी 9: कुठे द्यायचं

आता तो पहिला कागद काढा. कारण आणि वाचक यावरून जागा ठरते.

एका माणसासाठी लिहिलं असेल तर त्या माणसाला द्या. फिटरने अप्पा बळवंत चौकाजवळ स्पायरल बायंडिंग करून आपल्या मजकुराच्या थोड्या प्रती काढल्या: एक मुलीला, एक भावाला, एक गावी. ते प्रकाशनच आहे, आणि माझ्या मते उत्तम प्रकाशन. स्वतःचं मत शोधायला लिहिणाऱ्या मुलीने तर कुणालाच दिलं नाही. तिची वही भरली, आणि मुलाखतीच्या सरावात ती आता स्वतःच्या शब्दांत बोलते.

नागरी प्रश्न असेल तर वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराइतकी चांगली शाळा नाही. शे-दीडशे शब्द, एकच मुद्दा, नाव-पत्ता-फोन, आणि विषय ताजा असताना. दोन-तीन दिवस उलटले की संपादकाच्या दृष्टीने तो शिळा होतो. ज्यांना लांबट लिहायची सवय आहे त्यांनी मुद्दाम अशी काही पत्रं लिहावीत.

कथा, ललित, आठवणी यांच्यासाठी दिवाळी अंक आहेत. 1909 मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली, ती आजवर चालू आहे. दिवाळी जवळ आल्यावर पाठवलेला मजकूर उपयोगाचा नसतो. अंकांची जुळणी गणपतीच्याही आधी सुरू होते, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. एका वेळी एकाच संपादकाकडे, आणि होकार-नकार कधी कळेल ते विचारून. मानधन आणि पुनर्मुद्रणाचा हक्क याबद्दल विचारण्यात संकोच नको.

राहिला मार्ग संपादकाशिवाय, थेट स्वतः प्रसिद्ध करण्याचा. आज तो फोनवरून पाच मिनिटांत होतो, म्हणून पुष्कळजण त्याला कमी लेखतात. मी लेखत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असताना त्यांनी 1874 मध्ये पुण्यात 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत 84 अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. त्यांची मतं सगळ्यांना पटणारी नव्हती, मलाही सगळी पटत नाहीत. फुल्यांच्या लेखनाची त्यांनी केलेली टवाळी आज वाचवत नाही. पण एकट्या माणसाने, कुणाच्या परवानगीची वाट न बघता, दर महिन्याला नेमाने लिहून मराठी गद्याला वळण लावलं, हे नाकारता येत नाही. एकट्याने प्रसिद्ध करणं कमी दर्जाचं नसतं. त्यात गाळणी नसते, एवढंच, म्हणून ती आपण बसवावी लागते. प्रसिद्ध करण्याआधी निदान एका माणसाने मजकूर वाचलेला असावा, तोही तुमची स्तुती करायला बांधील नसलेल्या माणसाने. खाली तारीख घाला. चूक कळली तर दुरुस्ती करून तसं नोंदवा. आणि रागाच्या भरात लिहिलेलं रात्री प्रसिद्ध करू नका, सकाळी वाचून मग ठरवा.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ भेटतील. पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर किती प्रती छापणार, विकणार कोण, उरलेल्या कुणाच्या, हे करारात लिहून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर का, ते विचारा.

प्रतिसाद आला नाही तर

बहुतेकदा येत नाही. आला तर "छान", "सुंदर", हात जोडलेली चित्रं. त्यावरून लेखनाची किंमत करू नका. मी नव्या लोकांना वेगळ्या खुणा बघायला सांगते. लिहिताना असं काही समजलं का, जे आधी ठाऊक नव्हतं? कुणी उलट फोन करून "अरे, तसं नव्हतं, मी सांगतो" म्हणालं का? काकांच्या पुराच्या लेखानंतर त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याच आळीची हकिगत सांगितली, आणि आता ते तीही लिहून घेत आहेत. धायरीच्या बाईंचं पत्र छापून आल्यावर पुढच्या सभेत टँकरचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. प्रश्न सुटलेला नाही, पण त्यांचं बोलणं आता कुणी मध्ये तोडत नाही.

यातलं काहीच होत नसेल, लिहून झाल्यावर नुसता थकवा येत असेल आणि कुणी वाहवा केली का हे बघण्यातच दिवस जात असेल, तर थांबा. काही महिने फक्त वाचा. कारण नसताना नेटाने लिहीत राहण्यात मला काही शौर्य दिसत नाही.

पायरी 10: जपणूक

ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, गूगल प्लस 2019 मध्ये. तिथे मराठी माणसांनी मनापासून लिहिलेलं पुष्कळ होतं, आणि ज्यांनी प्रत काढून ठेवली नव्हती त्यांचं ते गेलं. दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेला मजकूर कधीही जाऊ शकतो, म्हणून मूळ प्रत नेहमी स्वतःकडे असावी: एक फोनबाहेर, संगणकावर किंवा पेनड्राइव्हमध्ये, आणि एक कागदावर. कागदाच्या प्रतीवर पूर्ण नाव, गाव आणि तारीख घाला. सोबत फोटो असतील तर त्यांच्या मागे पेन्सिलने माणसांची नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. शाईचं पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. मजकुरात एखाद्या पेठेची, गावाची, धंद्याची माहिती असेल तर एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला देता येईल का ते विचारा. सगळीकडे घेतात असं नाही, पण स्थानिक इतिहासाचं दालन असलेल्या ठिकाणी अशा प्रती ठेवून घेतल्या जातात, आणि त्या तिथे कुणाच्या तरी शोधाला उपयोगी पडतात.